फ्लॅट विकताना घेणाऱ्याला काय सांगायचं आणि कोणत्या कागदावर

रीसेलचा फ्लॅट विकायचा ठरला की घरात आधी भावाची चर्चा होते, मग एजंटला फोन जातो, आणि कपाटातली फाईल सगळ्यात शेवटी निघते. माझं म्हणणं, फाईल आधी काढा. डोंबिवलीतल्या आमच्या जुन्या सोसायटीची मी बरीच वर्षं सेक्रेटरी आहे. फ्लॅट विकायला निघाला की विकणारे माझ्याकडे नो ड्यूज मागायला येतात, आणि घेणारे हळू आवाजात विचारतात, "काकू, काही भानगड नाही ना?" हे त्यांना मला का विचारावं लागतं? विकणाऱ्याने ते आपणहून सांगायचं असतं, आणि कायद्याने ते त्याच्यावर बंधनकारक आहे.

कॅलिफोर्नियासारख्या ठिकाणी घर विकणाऱ्याला छापील विवरणपत्र भरून द्यावं लागतं. आपल्याकडे रीसेलसाठी तसा फॉर्म नाही, त्यामुळे 'घेणाऱ्याने बघून घ्यावं' अशी समजूत पक्की झाली आहे. पण मालमत्ता हस्तांतरण कायदा, १८८२ याचं कलम ५५ वाचा. करारात वेगळं काही ठरलं नसेल तर विकणाऱ्याने मालमत्तेतला किंवा आपल्या मालकीहक्कातला असा प्रत्येक महत्त्वाचा दोष सांगायचा आहे, जो त्याला माहीत आहे, घेणाऱ्याला माहीत नाही, आणि घेणाऱ्याने नेहमीची काळजी घेऊनही त्याला कळला नसता. शिवाय मागितले तर मालकीचे सगळे कागद दाखवायचे, विचारलेल्या संबंधित प्रश्नांना माहितीप्रमाणे खरी उत्तरं द्यायची आणि विक्रीच्या तारखेपर्यंतचे सरकारी कर भरून द्यायचे. त्याच कलमाच्या शेवटी स्पष्ट म्हटलंय की असा दोष न सांगणं ही लबाडी ठरते. लबाडी ठरली तर घेणारा करार रद्द करून मागू शकतो.

'आहे त्या स्थितीत' विकलं असं करारात घातलं की सुटलो, असं काहीजण समजतात. ओल आलेल्या भिंतीला पुट्टी भरून, वर रंग मारून, दुसऱ्या आठवड्यात घर दाखवायला काढलं असेल तर त्या वाक्याच्या आड लपता येत नाही. कळूनसवरून झाकणं ही करार कायद्यातही फसवणूकच आहे.

आता कामाला लागू.

पहिलं काम, कागदांची साखळी लावा. बिल्डरने पहिल्या मालकाला दिलेल्या अ‍ॅग्रीमेंटपासून तुमच्या नावापर्यंत, तारखेनुसार एकाखाली एक. प्रत्येक अ‍ॅग्रीमेंटसोबत त्याची नोंदणीची पावती, मुद्रांक शुल्काचा पुरावा आणि इंडेक्स टू (नोंदणी झालेल्या दस्ताचा सरकारी गोषवारा) हवा. इंडेक्स टू हरवला असेल तर नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर ई-सर्च करून शोधता येतो; फार जुना दस्त असेल तर दुय्यम निबंधक कार्यालयात जाऊन नक्कल काढावी लागते. मधला एखादा व्यवहार नोटरीवरच झाला असेल, नोंदणीच झाली नसेल, किंवा मुद्रांक कमी भरला असेल, तर तो मालकीहक्कातला दोष आहे. घेणाऱ्याचा वकील सर्च घेईल, म्हणजे नोंदणी कार्यालयातले जुने दस्त तपासेल, तेव्हा तो सापडेलच. त्याआधी तुम्ही आपल्या वकिलाकडून तपासून घ्या आणि दुरुस्त होत असेल तर दुरुस्त करा. मूळ दस्त गहाळ असेल तर पोलिसांत तक्रार, वर्तमानपत्रात जाहीर नोटीस आणि प्रमाणित नक्कल, हे सगळं व्यवहाराआधी उरकून फाईलला लावा.

साखळी लावताना नावं जुळवा, आणि हे अगदी अक्षरशः करा. अ‍ॅग्रीमेंटवर माहेरचं नाव, शेअर सर्टिफिकेटवर सासरचं, आधारवर वडिलांचं नाव मधे आणि पॅनवर नुसतं आद्याक्षर, असं बायकांच्या बाबतीत सर्रास असतं. गॅझेट किंवा लग्नाचा दाखला जोडा, ते नसेल तर प्रतिज्ञापत्र करा. बँकेचा माणूस याच गोष्टीवर फाईल परत पाठवतो.

शेअर सर्टिफिकेट मागच्या बाजूनेही बघा. तिथे हस्तांतरणाचा तक्ता असतो: तारीख, क्रमांक, कोणाकडून कोणाकडे, खाली चेअरमन, सेक्रेटरी आणि एका कमिटी सभासदाची सही. शेवटच्या ओळीत तुमचं नाव आहे का? आमच्याकडच्या एका जुन्या सर्टिफिकेटवर दोन मालक मागे एक ओळ कोरी राहिली होती. तेव्हाच्या कमिटीने ठराव केला, पण ओळ भरलीच नाही. जुनं प्रोसिडिंग बुक काढून, ठरावाचा उतारा जोडून ती नीट करून घ्यावी लागली. घेणाऱ्याने बँकेत कर्ज टाकल्यावर हे निघालं असतं तर तेवढ्यावरून सगळा व्यवहार लटकला असता.

कर्ज चालू असेल तर पहिल्याच भेटीत सांगा. बँकेकडून दोन कागद मागून घ्या: बाकी कर्जाचं पत्र, आणि बँकेच्या ताब्यात कोणकोणते मूळ दस्त आहेत त्यांची यादी. घेणाऱ्याची बँक या दोन्हींशिवाय हलत नाही. घेणाऱ्याच्या पैशातली कर्जाइतकी रक्कम थेट तुमच्या कर्जखात्यात जावी, असं करारातच लिहा. कर्ज फिटलं की मूळ कागद ३० दिवसांत परत द्यायचे, आणि बँकेमुळे उशीर झाला तर दर दिवसाला ५,००० रुपये भरपाई द्यायची, असा रिझर्व्ह बँकेचा सप्टेंबर २०२३ चा आदेश आहे. तो १ डिसेंबर २०२३ पासून लागू झाला. कर्ज पूर्वीच फिटलेलं असलं तरी काम संपत नाही. सोसायटीच्या दप्तरात बँकेच्या बोज्याची नोंद बहुधा तशीच पडून असते. बँकेचं पत्र सेक्रेटरीला देऊन ती उतरवून घ्या आणि उतरवल्याचं पत्र फाईलला लावा.

वारसांची गोष्ट

यावर मी जास्त बोलणार आहे, कारण घरं इथेच अडकतात आणि माणसंही इथेच दुरावतात.

वडील गेले, नॉमिनी म्हणून आईचं नाव होतं, सोसायटीने आईच्या नावावर सर्टिफिकेट केलं. मग सगळ्यांची समजूत होते की आई एकटी मालक. तसं नाही. नॉमिनीला सोसायटी तात्पुरता सभासद म्हणून घेते. मालकी वारसांची राहते. हिंदू कुटुंबात मृत्युपत्र न करता पुरुष गेला तर पत्नी, मुलगे, मुली आणि त्याची आई हयात असेल तर आई, हे सगळे पहिल्या वर्गाचे वारस आहेत आणि सगळ्यांचा वाटा सारखा. लग्न होऊन गेलेली मुलगी सुटत नाही. गावी राहणारी आजी सुटत नाही. आणि वडिलांच्या आधी वारलेल्या तुमच्या भावाची बायको-मुलंही सुटत नाहीत.

यातल्या कोणाचंही नाव घेणाऱ्यापासून दडवलं तर तो थेट मालकीहक्कातला दोष. दोन मार्ग आहेत. एक, सगळ्या वारसांनी विक्रेते म्हणून खरेदीखतावर सह्या करायच्या आणि मोबदला आपापल्या वाट्याने घ्यायचा. दुसरा, बाकीच्यांनी एकाच्या नावे हक्कसोडपत्र करून द्यायचं. हक्कसोडपत्र नोंदणीकृतच लागतं. शंभराच्या स्टँपवर घरी लिहून घेतलेलं 'आमची काही हरकत नाही' इथे चालत नाही. मृत्युपत्र असेल तर ते दाखवा, आणि त्यावर कोणाचा आक्षेप असेल तर तोही सांगा. वारसांत एकमत नसेल तर कोर्टाकडून वारस दाखला घ्यावा लागतो, आणि तोवर टोकन घेऊ नये. बहिणीला न विचारता टोकन घेतलं जातं, मग तिला फोन जातो, मग ती रडते. मी हे बिल्डिंगमध्ये पाहिलं आहे. सही मागायच्या आधी बहिणीच्या घरी जाऊन बसा, चहा घ्या, आकडा सांगा. कायद्याच्या दृष्टीने तिला जेवढा मान आहे तेवढा घरातही द्या.

वारसांपैकी कोणी परदेशी असेल तर कुलमुखत्यारपत्र लागेल. तिथल्या भारतीय दूतावासात साक्षांकित करून किंवा नोटरी आणि अपोस्टिल (परदेशी कागद इथे ग्राह्य धरला जावा म्हणून तिथल्या सरकारचा शिक्का) करून पाठवायचं, आणि इथे पोचल्यापासून तीन महिन्यांत त्यावर मुद्रांक शुल्क भरायचं. मजकुरात 'विक्री करणे, दस्तावर सही करणे, नोंदणीस हजर राहणे' हे अधिकार स्वतंत्रपणे लिहिलेले हवेत. आणखी एक: विकणारा अनिवासी आहे हे घेणाऱ्याला पहिल्याच दिवशी कळवा. निवासी माणसाकडून ५० लाख किंवा त्याहून जास्त किमतीचं घर घेताना १ टक्का टीडीएस कापायचा असतो. विकणारा अनिवासी असेल तर ही ५० लाखांची मर्यादाच नसते, आणि कपात बरीच जास्त होते. हे लपवलं तर आयकर खात्याची नोटीस घेणाऱ्याला येते.

सोसायटीशी संबंधित काय सांगायचं

मेंटेनन्सची थकबाकी, सिंकिंग फंड (इमारतीच्या मोठ्या कामांसाठीची शिल्लक), मंजूर झालेल्या मोठ्या दुरुस्तीचा हप्ता, घर भाड्याने दिलं असेल तर भोगवटेतर शुल्क (नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस), हे सगळं नो ड्यूजमध्ये येतं. ते आकड्यासकट मागा. 'बाकी नाही' एवढंच लिहिलेलं पत्र अपुरं. कोणत्या महिन्यापर्यंत, हे हवं.

हस्तांतरणाला सोसायटीची एनओसी लागतेच असं नाही. सोसायट्यांसाठीच्या आदर्श उपविधींत (बायलॉजमध्ये) क्रमांक ३८ मध्ये तसं स्पष्ट आहे; बँकेला किंवा घेणाऱ्याला हवी असेल तर अर्ज करून मागायची. मात्र विकण्याचा इरादा असल्याची लेखी सूचना सेक्रेटरीला १५ दिवस आधी द्यायची असते, घेणाऱ्याच्या संमतीसह. महानगरपालिका हद्दीत हस्तांतरण अधिमूल्य (ट्रान्सफर प्रीमियम) जास्तीत जास्त २५,००० रुपये, हस्तांतरण शुल्क ५०० रुपये. त्यावर 'डोनेशन' किंवा 'बिल्डिंग फंड' मागायला सोसायटीला अधिकार नाही. मी स्वतः सेक्रेटरी असून सांगते: मागितलं तर पत्राने नकार द्या.

पुढच्या गोष्टी विकणारे सोयीस्करपणे गाळतात, म्हणून मुद्दाम लिहिते.

इमारतीला भोगवटा प्रमाणपत्र (ओसी, म्हणजे राहायला दिलेली महापालिकेची परवानगी) आहे का? नसेल तर सांगा. आमच्या भागात आता प्रत्येक शहाणा ग्राहक हे आधी विचारतो. कल्याण-डोंबिवलीत बनावट परवानग्यांवर रेरा नोंदणी मिळवलेल्या ६५ इमारती पाडण्याचा आदेश उच्च न्यायालयाने २०२४ मध्ये दिला, तेव्हा त्यांत राहणाऱ्या कुटुंबांची जी अवस्था झाली ती लोकांनी डोळ्यांनी पाहिली आहे. जमिनीचं अभिहस्तांतरण (कन्व्हेयन्स, म्हणजे जमिनीची मालकी देणं) सोसायटीच्या नावे झालं आहे का? जुन्या इमारतींत बहुधा झालेलं नसतं. मानीव अभिहस्तांतरणाचा (डीम्ड कन्व्हेयन्स, बिल्डर करून देत नसेल तेव्हा सरकारी अधिकाऱ्याकडून मिळवायचं) अर्ज केला असेल तर तो कुठवर आला आहे ते सेक्रेटरीला विचारून सांगा. सात-बारा किंवा मिळकत पत्रिकेवर अजून कोणाचं नाव आहे तेही घेणाऱ्याला दाखवा.

इमारत १५ वर्षांच्या पुढची असेल तर दर पाच वर्षांनी आणि ३० वर्षांच्या पुढची असेल तर दर तीन वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट करायचं असतं. शेवटचा अहवाल काय म्हणतो ते सांगा. महापालिकेची धोकादायक इमारतीची नोटीस आली असेल आणि तुम्ही ती सांगितली नाही, तर तुमच्या बाजूने बोलायला काही उरत नाही.

रीडेव्हलपमेंटबद्दल ऐकीव काही सांगू नका. सर्वसाधारण सभेचा ठराव झाला असेल तर त्याची तारीख आणि उतारा द्या. तुम्ही बिल्डरला संमतिपत्र दिलं असेल तर त्याची प्रत द्या, कारण घेणाऱ्यालाही त्या संमतीसकटच घर मिळणार आहे. 'दोन वर्षांत नवीन घर, जास्तीचा कार्पेट' असं तोंडी सांगून भाव वाढवून घेणारे मी पाहिले आहेत. घेणारा माणूस निवृत्तीचा पैसा घालतो हो. त्याच्याशी असं वागू नये.

घरातल्या भिंती, ओल, पार्किंग

एक वही घ्या आणि प्रत्येक खोलीत उभं राहून लिहा. पावसाळ्यात कोणत्या भिंतीला ओल येते? न्हाणीघरातून खालच्या घरात गळतं का, आणि खालच्यांनी सोसायटीकडे लेखी तक्रार केली आहे का? ही तक्रार महत्त्वाची, कारण बाथरूमची फरशी वरून अगदी कोरडी दिसते. गळतीचा पिवळा डाग असतो तो खालच्या घराच्या छतावर, आणि घेणारा खालच्या घरात जाऊन बघत नाही. 'नेहमीची काळजी घेऊनही न कळणारा दोष' म्हणतात तो हाच. दुरुस्ती केली असेल तर कधी केली, कोणाकडून केली, बिल आहे का, तेही लिहा. दुरुस्त केलेला दोष सांगितल्याने भाव पडत नाही. घेणाऱ्याचा विश्वास बसतो असंच मी पाहिलं आहे.

बाल्कनी आत घेतली आहे का, स्वयंपाकघराची भिंत काढून ओटा सरकवला आहे का, पोटमाळा टाकला आहे का, आणि या सगळ्याला परवानगी होती का? मंजूर नकाशाची प्रत जवळ ठेवून फरक दाखवा. क्षेत्रफळ अ‍ॅग्रीमेंटमध्ये जे लिहिलंय तेच सांगा, कार्पेट की बिल्टअप हे स्पष्ट करून.

पार्किंगवरून भांडणं फार होतात. स्टिल्टमधली, म्हणजे इमारतीखालच्या खांबांमधली, मोकळी जागा बिल्डरला फ्लॅटसारखी स्वतंत्र विकता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये सांगितलं. पार्किंगचं वाटप सोसायटी करते. तुमच्याकडे वाटपपत्र असेल तर प्रत द्या. नुसती सवयीची जागा असेल तर तसंच लिहा, आणि तिचे वेगळे पैसे मागू नका.

भाडेकरू असेल तर नोंदणीकृत लिव्ह अँड लायसन्सची प्रत, संपण्याची तारीख आणि अनामत रक्कम सांगा. कोर्टात किंवा सहकार खात्यात काही दावा चालू असेल तर त्याचा क्रमांक द्या. मिळकत कराची शेवटची पावती, वीजबिल, पाणीपट्टी, गॅस; यात फार सांगण्यासारखं नाही, भरा आणि जोडा. फक्त स्वतः राहण्यासाठीची कर सवलत घेऊन घर भाड्याने दिलेलं असेल तर फरकाची मागणी पुढे निघू शकते, ते आधी मिटवा.

हे सगळं लिहायचं कुठे

साध्या कागदावर, स्वतःच्या भाषेत, दोन पानांत. वर शीर्षक: 'विक्रेत्याने खरेदीदारास दिलेली माहिती'. मग फ्लॅटचं वर्णन. मग मजकूर, साधारण असा:

'सदर सदनिकेवर अमुक बँकेचे कर्ज असून दि. … रोजी बाकी रु. … आहे. याव्यतिरिक्त कोणताही बोजा, गहाण, दावा अथवा जप्ती माझ्या माहितीप्रमाणे नाही. मूळ मालक दि. … रोजी मयत असून त्यांचे वारस पुढीलप्रमाणे आहेत: … इमारतीस भोगवटा प्रमाणपत्र प्राप्त आहे / नाही. जमिनीचे अभिहस्तांतरण झाले आहे / नाही. पश्चिमेकडील शयनगृहाच्या भिंतीस पावसाळ्यात ओल येते, दि. … रोजी बाहेरून वॉटरप्रूफिंग केले. बाल्कनी बंदिस्त केली असून त्यास परवानगी घेतलेली नाही. पार्किंगची जागा सोसायटीच्या वाटपानुसार आहे, मालकीची नाही.'

खाली जोडलेल्या कागदांची यादी, आणि शेवटी 'वरील माहिती व कागदपत्रांच्या प्रती मिळाल्या' असं लिहून घेणाऱ्याची सही आणि तारीख. माहीत नसलेल्या गोष्टीपुढे 'माहिती नाही' लिहा. कायदा तुम्हाला माहीत असलेलंच विचारतो. नसलेलं ठामपणे सांगायला तो कुठेच सांगत नाही.

हा कागद टोकन घेण्याआधी द्या. टोकन घेतल्यावर दोष सांगितला तर घेणाऱ्याला वाटतं, अडकवलं. टोकनची पावती वेगळी करा, व्यवहार मोडला तर पैसे किती दिवसांत परत ते लिहा, आणि रक्कम बँकेतूनच घ्या. २०,००० किंवा त्यापुढची रक्कम रोखीने घ्यायला आयकर कायद्यात मनाई आहे आणि दंड घेतलेल्या रकमेइतका होतो. वकिलाला सांगून हे माहितीपत्र अ‍ॅग्रीमेंटला परिशिष्ट म्हणून जोडून घ्या, म्हणजे नोंदणीत येतं. एजंट म्हणेल, 'मॅडम, एवढं लिहून दिलं तर गिऱ्हाईक पळेल.' त्याला कमिशन मिळालं की तो पुढच्या घराकडे जातो. सही तुमची असते.

माहितीपत्र आणि अ‍ॅग्रीमेंट यांच्यामध्ये काही नवीन घडलं, म्हणजे सोसायटीने सभेत दुरुस्तीची वर्गणी ठरवली किंवा खालच्यांची नवी तक्रार आली, तर तारीख टाकून एक ओळ वाढवा आणि दोघांनी त्यापुढे सही करा.

ताबा देताना मूळ कागद एकेक मोजून द्या, प्रत्येकापुढे पानांची संख्या लिहून, आणि त्या यादीवर घेणाऱ्याची पोच घ्या. वीजमीटरचं त्या दिवशीचं रीडिंग त्याच कागदावर टिपा. शेअर सर्टिफिकेट हस्तांतरणाच्या अर्जाबरोबर सोसायटीत दाखल करून सेक्रेटरीची शिक्क्यासह पोच दोघांनीही घ्या, आणि माहितीपत्राची दोन्ही सह्यांची प्रत तुमच्या आयकराच्या कागदांबरोबर जपून ठेवा.